धूम्रपानबंदी आणि पूलचे टेबल

धूम्रपानबंदीचा विषय निघाला की पूल (टेबलावरचे बॉल काठीने पॉकेटमध्ये घालण्याचा खेळ) पार्लरचे चालक आधी गल्ल्याची चिंता बोलून दाखवतात, आणि ती चिंता खोटी नाही. टेबलाचे भाडे बहुधा तासावर आकारले जात असल्यामुळे गिऱ्हाईक जितका वेळ रमेल तितके उत्पन्न. त्यातच या खेळात बसून राहण्याचा वेळ फार असतो. प्रतिस्पर्धी एकामागून एक बॉल पॉकेटमध्ये घालत असताना खुर्चीत बसून पाहण्यापलीकडे आपल्या हाती काहीच उरत नाही, आणि नेमकी त्या हतबल मिनिटांतच पूर्वी सिगारेट पेटत असे. बंदीनंतर तो खेळाडू दोन डावांच्या मध्ये बाहेर जातो, जमलेली लय मोडून परततो आणि समोरच्यालाही ताटकळत ठेवतो.

टेबलाच्या दृष्टीने मात्र बंदी हे वरदानच ठरले. फटका मारण्यापुरती पेटती सिगारेट टेबलाच्या लाकडी कडेवर ठेवायची आणि मग ती विसरायची, ही जुनी खोड; अनेक जुन्या टेबलांच्या कडांवर बोटाएवढे काळे डाग त्यातूनच पडलेले आहेत. टेबलावरचे कापड सहसा लोकर आणि नायलॉनचे असते. त्यावर ठिणगी पडली की भोक पडते आणि तेवढ्याचसाठी संपूर्ण कापड बदलण्याची पाळी येते. शिवाय हनुवटी क्यूला, म्हणजे खेळण्याच्या काठीला, टेकवून नेम धरताना शेजारचा धूर डोळ्यांत गेला, तर सोपा बॉलही हुकतो. (धूम्रपान करणारेही ही तक्रार करत, हे विशेष.)

या खेळाच्या कुटुंबाने तंबाखूचा पैसाही पुष्कळ घेतला. पूलच्याच जातीच्या स्नूकर या खेळाची जागतिक स्पर्धा 1976 ते 2005 या काळात एम्बसी या सिगारेटच्या नावाने खेळवली जात होती, त्यामुळे धूर हा खेळाचाच भाग आहे असे वाटणाऱ्यांना मी सरसकट दोष देणार नाही.

माझ्या मते चालकांचे खरे नुकसान अर्धवट बंदीने होते. एका शहरात बंदी आणि शेजारच्या शहरात मोकळीक असेल, तर खेळाडू क्यूची पिशवी उचलून तिकडे जातो. आयर्लंडने 29 मार्च 2004 रोजी आणि इंग्लंडने 1 जुलै 2007 रोजी कामाच्या बंदिस्त जागांना एकाच वेळी नियम लावला, तेव्हा निदान ही पळवाट उरली नाही. वेगळी खोली किंवा हवा खेचणारे पंखे हा तोडगा अनेकजण सुचवतात. पण त्याने परोक्ष धूम्रपानाचा, म्हणजे दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर श्वासात जाण्याचा, धोका पूर्णपणे टळत नाही, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या (सार्वजनिक आरोग्याबाबतच्या प्रमुख सरकारी अधिकाऱ्याच्या) 2006 च्या अहवालात स्पष्ट म्हटले आहे. खेळाडू तासाभराने घरी जाऊ शकतो, पण बॉल रचून देणाऱ्या नोकराला पाळी संपेपर्यंत त्याच हवेत उभे राहावे लागते.

राहिला प्रश्न मोडणाऱ्या लयीचा. सामन्यात ठरावीक डावांनंतर दोघांसाठी एकच विश्रांती ठेवावी आणि तेवढा वेळ चालकाने भाड्यातून वगळावा, एवढ्याने बरीच कुरकुर मिटेल.