वाळू, मूठ आणि शिरोलीचा शेजारी

वडील उद्यमनगरात मोल्डर, म्हणजे लोखंड ओतायचे वाळूचे साचे करणारे. पुढे त्यांनी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत स्वतःची शेड टाकली. तेव्हा कोल्हापुरात ऑइल इंजिनांचं काम भरपूर. आम्ही त्यांची फ्लायव्हील, म्हणजे जड चाकं, ओतायचो. विहिरींवर विजेचे पंप बसत गेले, इंजिनं मागं पडली आणि आमच्यासारख्या छोट्या फौंड्र्या पुण्याकडच्या वाहन उद्योगाकडे वळल्या. फ्लायव्हीलवर एखादं छिद्र दिसलं तर गिऱ्हाईक कुरकुरत का होईना, माल घ्यायचं. गाडीच्या हाउसिंगला, म्हणजे भागांवरच्या ओतीव कवचाला, ते चालत नाही. त्यातून ब्लोहोल, म्हणजे आत राहिलेलं छिद्र, दिसतं ते मशीनिंग झाल्यावर. मग कास्टिंग परत, आणि मशीनिंगचा खर्चही आमच्याच नावावर डेबिट.

वडील वाळू मुठीत दाबायचे, मोडून बघायचे आणि सांगायचे, पाणी जास्त झालंय. साच्यातलं जादा पाणी तापल्या लोखंडाला लागलं की वाफ होते. ती बाहेर पडली नाही तर छिद्र ठरलेलं. वडील गेल्यावर आम्हीही वाळू मुठीत दाबतच राहिलो, पण कळत काही नव्हतं. पावसाळ्यात वाळू आधीच दमट, वर मिक्सरमध्ये पाणी नेहमीच्याच मापानं. रिजेक्शनचे ढीग लागायचे आणि मी मोल्डरांवर ओरडायचो.

शिरोलीतल्या एका फौंड्रीवाल्यानं किलोमागे दीड रुपया कमी लावून आमच्या दोन ऑर्डरी नेल्या होत्या. लग्नात समोर आला तरी मी बोलत नसे. २०१८ मध्ये त्याच्या इंडक्शन भट्टीची कॉइल गेली आणि तो स्वतःच पॅटर्न, म्हणजे साच्याला आकार देणारी प्रतिकृती, घेऊन दारात आला. माझी भट्टी अर्धा वेळ रिकामी होती, म्हणून हो म्हटलं. औदार्य वगैरे काही नव्हतं.

आल्यावर त्यानं आधी वाळूत हात घातला. "वाळू तुझ्या वडलांच्या मुठीत हुती. ती मूठ आता कुठनं आणणार?" वाळूचा नमुना त्याच्या लॅबमध्ये गेला. ओलावा हवा त्यापेक्षा जास्त, वाळू बांधून ठेवणारी बेंटोनाइट माती कमी. महिन्याभरात मी वाळू तपासायची साधनं घेतली. दर पाळीला वाळू तपासून पाणी ठरू लागलं, तसे ढीग कमी झाले. मोल्डरांची माफी मागायची मात्र राहूनच गेली.

त्यानंतर आम्ही एकमेकांचे काही पॅटर्न एकमेकांकडे ठेवायला लागलो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. माझं पिग आयर्न, म्हणजे वितळवायचं कच्चं लोखंड, पलीकडे अडकलं, भट्टी थंड. त्याच्याकडे कच्चा माल होता. जमतील तेवढ्या कामगारांवर त्यानं माझी हाउसिंग ओतली. गिऱ्हाइकाची लाइन थांबली नाही.

पुढच्या वर्षी त्याच गिऱ्हाइकानं त्या हाउसिंगची निम्मी ऑर्डर थेट त्याला दिली. चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. पण खरं सांगायचं तर, एकाच फौंड्रीवर अवलंबून राहून पुरात सापडायचं नाही, हा त्यांचा हिशोब बरोबरच होता. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पॅटर्न मी परत मागवले नाहीत.

आजही वाळूबद्दल, भट्टीच्या लायनिंगबद्दल आम्ही एकमेकांना बिनदिक्कत फोन करतो. दर मात्र कुणी कुणाला सांगत नाही. गेल्या महिन्यात एका ब्रॅकेटसाठी दोघांनीही कोटेशन भरलं होतं. ऑर्डर तिसऱ्यालाच गेली.