कळशीवरचं नाव

मी पुण्यात गोखलेनगर भागातल्या एका शाळेत तिसरीला शिकवते, एकतीस पोरं आहेत वर्गात. तिसरीला परिसर अभ्यासात आपला जिल्हा येतो, आणि इतकी वर्षं मी तो तसाच शिकवत आले, शनिवारवाडा, लाल महाल, सिंहगड, तक्त्यावर चित्रं, मुलं पाठ म्हणतात की शनिवारवाडा थोरल्या बाजीरावांनी बांधला, पेपरात लिहितात, झालं. यंदा जुलैत एका मुलाने मधेच विचारलं, "बाई, आपल्या गोखलेनगरला इतिहास नाहीये का?" मी म्हटलं असतो ना, सगळ्याच जागेला असतो. तर तो म्हणाला मग सांगा. आणि मला पटकन सांगता येईना. म्हणजे १९६१ साली पानशेतचं धरण फुटून पूर आला, त्यातल्या पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर वसवलं हे मला माहीत होतं, पण आठ वर्षांच्या पोराला ते कुठून सुरू करून सांगायचं ते सुचेना. म्हणून मी सगळ्यांना सांगितलं की उद्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू घेऊन या, घरच्यांना विचारून आणा, आणि ती कोणाची आहे ते पण विचारून या.

दुसऱ्या दिवशी टेबलावर नुसता बाजार. अडकित्ता, बंद पडलेला रेडिओ, पाच पैशाचं नाणं, आजोबांचं कंपनीचं ओळखपत्र, एकाने तर खलबत्ता उचलून आणला होता. एक मुलगी मात्र रिकाम्या हाताने आली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली, विचारलं तर म्हणाली आमच्याकडे जुनं काहीच नाही बाई. मी म्हटलं असू दे. तेव्हा मी तिला एवढंच बोलले आणि पुढे गेले, हे मला नंतर फार लागलं.

ज्याने प्रश्न विचारला होता तो पितळेची कळशी घेऊन आला. एका बाजूने चांगलीच चेपलेली, आणि गळ्याजवळ नाव घातलेलं, पूर्वी भांडीवाला ठोकून ठोकून घालून द्यायचा तसं, ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं. घासून घासून ती इतकी पुसट झाली होती की नुसतं बघून वाचता येत नव्हती. मग आम्ही त्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी धरून हलकी घासत गेलो, चार पोरांनी कागद ताणून धरलेला, बाकीची बाकांवर चढलेली, आणि कागदावर हळूहळू एकेक अक्षर पांढरं उमटायला लागलं. अख्खा वर्ग चिडीचूप, असा चिडीचूप वर्ग मी परीक्षेत पण पाहिलेला नाही. आधी पणजोबांचं नाव आलं, आणि खाली आलं "क. पेठ, पुणे".

आता क. म्हणजे काय? कात्रज पेठ, कोथरूड पेठ, कर्वेनगर पेठ, सगळं म्हणून झालं. शेवटी एकीला कसबा गणपती आठवला आणि ती ओरडली कसबा पेठ! लगेच पुढचा प्रश्न, आणि तो मी नाही विचारला, त्यांच्यातूनच आला. तुझं घर तर इथे आहे, मग कळशीवर कसबा पेठ कशाला? तो म्हणाला आजीला माहितीये.

आजी शाळेपासून दोन गल्ल्यांवर राहतात. मधल्या सुट्टीत मी त्याच्या आईला फोन केला, मुख्याध्यापकांना विचारलं, शेजारच्या वर्गाच्या बाईंना सोबत घेतलं आणि दुपारी दोन-दोनच्या जोड्यांनी सगळी पलटण निघाली. आजींनी दारात सतरंजी टाकून ठेवली होती, तरी निम्मी पोरं गल्लीतच उभी.

आजी म्हणाल्या, "तुमच्याएवढीच होते मी, नऊ वर्षांची. आम्ही कसब्यात कुंभारवेशीपाशी राहायचो, नदीच्या अगदी काठाला. वडील गणपती करायचे. बुधवार होता." १२ जुलै १९६१, त्यांना वार पण पाठ आहे. सकाळी लोक म्हणायला लागले धरण फुटलं, पण आदल्या दिवसापासून नुसत्याच बातम्या उठत होत्या म्हणून कोणी म्हणे खरं, कोणी म्हणे अफवा. वडिलांचे शाडूचे गणपती फळ्यांवर मांडलेले, अजून ओलेच, रंग व्हायचा होता, त्यामुळे त्यांचा पाय निघेना. मग नदीचं पाणी गल्लीत आलं आणि आईने मुलांना धरून चढाकडे पळवलं. मागे वळून बघितलं तर पाणी पांढरट दिसत होतं आणि आजींना तेव्हा वाटलं की आपले गणपतीच विरघळले त्यात. हे सांगताना त्या हसत होत्या पण मला नाही हसता आलं.

पोरांचे प्रश्न मला आयुष्यात सुचले नसते. मी मधल्या सुट्टीत लिहून नेले होते, किती नुकसान झालं, सरकारने काय मदत केली, असले. आणि पोरं विचारतात, त्या दिवशी तुम्ही जेवलात का? तुमची पाटी वाहून गेली का? रात्री कुठे झोपलात? आजी म्हणाल्या शाळेत. एका शाळेत नेलं सगळ्यांना, वर्गातली बाकं बाहेर काढून तिथेच झोपायचो, कितीतरी दिवस. शाळेत राहायला! पोरांचे डोळे एवढे मोठे झाले. नळाला पाणी नाही, कारण शहराला पाणी देणारं खडकवासला धरणच गेलेलं, मग विहिरी आणि पेशव्यांच्या वेळचे हौद शोधत लोक फिरायचे. आणि वीज पण नव्हती.

पाणी ओसरल्यावर वडील घर बघायला गेले तर घर नव्हतं, नुसता गाळ. आठ-दहा दिवसांनी खालच्या अंगाला कोणाला तरी ती कळशी सापडली, आणि नाव वाचून त्यांनी विचारत विचारत आणून दिली. "घरातली तेवढीच परत आली बघा. म्हणून चेप काढून नाही घेतला." मग आधी पत्र्याच्या शेडमध्ये, नंतर इथे घर मिळालं. "तेव्हा इथे नुसता माळ होता, संध्याकाळी भीती वाटायची." पोरं आजूबाजूला बघायला लागली, रिक्षा लावलेल्या, दुकानं, माणसं, आणि इथे माळ.

परत आल्यावर प्रश्न सुरू की धरण फुटतं कसं. ग्राउंडवर एका ट्रेमध्ये मातीचा बांध घातला. पानशेतचं धरण मातीचं होतं आणि काम अजून पूर्ण झालेलं नव्हतं, त्यात पावसाने पाणी भरलं, पाणी सोडायच्या मार्गापाशी बांध खचायला लागला, रात्रभर जवानांनी वाळूची पोती रचून तो धरायचा प्रयत्न केला. हे सांगत सांगत मी पाणी ओतत होते. बांध तसा बराच वेळ टिकला, पण काठावरून एक बारीक धार सुटली आणि दहा सेकंदात मधोमध खिंडार पडलं. ट्रेच्या दुसऱ्या टोकाला पोरांनी आणखी एक बांध घातला होता, खडकवासला म्हणून, दगडगोटे लावून, कारण ते दगडी आहे हे मी सांगितलं होतं. तो पण गेला. एका पोरीने खाली काडेपेटीची घरं ठेवली होती, ती वाहून जाताना कोणीच ओरडलं नाही. परत करूया पण कोणी म्हणालं नाही.

त्या शनिवारी चार पालकांना सोबत घेऊन बसने पेठेत गेलो. नदीजवळ एका जुन्या वाड्याच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण आहे, तारखेसकट. रोज शेकडो लोक तिच्याखालून जातात आणि मी स्वतः कॉलेजला असताना तीन वर्षं गेले, मान वर करून कधी बघितलं नाही. पोरांना खूण शोधायला सांगितली तर सगळी खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर शोधतायत. पूर म्हणजे पाऊस पडल्यावर गल्लीत साठतं तेवढं, हीच त्यांची कल्पना. मग एकाने वर बघितलं. एका पालकांनी काठीने सुतळीचं टोक खुणेपर्यंत नेलं, खाली जमिनीला टेकली तिथे गाठ मारली. मग पोरं भिंतीला लागून उभी राहिली. एकाच्या डोक्यावर दुसरा धरला असता तरी वर हातभर पाणी उरत होतं. तो कळशीवाला बराच वेळ नुसता वर बघत उभा होता, मग मला म्हणाला, "बाई, आजी एवढीच होती ना, माझ्याएवढी."

ती सुतळी आता वर्गात टांगलीये, छताजवळच्या खिळ्याला. गाठ जमिनीला टेकते. शेजारी कळशीच्या नावाचा कागद.

सोमवारी शाळा सुटताना ती मागच्या बाकावरची मुलगी थांबली. दप्तराचा पट्टा पिळत म्हणाली, बाई, आमच्या आजीने पूर नाही पाहिला, ती नंतर आली, गावाकडून, बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायला जायची आणि तिथे सुकडी मिळायची खायला. पुण्यात आल्यावर पण आधी खडीच फोडली. तिची हातोडी आहे अजून घरात, दांडा नवीन बसवलाय. "हे चालेल का? ते गोखलेनगरचं नाही ना."

मी तिला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं की पुण्यात कुठली खडी फोडली गं आजीने? तर म्हणे, रस्त्याची, इथलीच, पण कुठला रस्ता ते विचारावं लागेल. मी म्हटलं आज विचारून ये, आणि हातोडी तू आणू नकोस, जड असेल, आम्हीच येतो. शुक्रवारी दुपारी जायचं ठरलंय. पोरांनी या वेळेस प्रश्न आधीच लिहून काढलेत आणि पहिलाच प्रश्न आहे, सुकडी गोड असते का.