मालकापेक्षा गाडीचा संसार मोठा

एक मोटार उभी करायला साधारण २.५ × ५ मीटर, म्हणजे १२.५ चौरस मीटर जागा लागते. ती आत-बाहेर काढायची वाट धरली की हिशेब २५ ते ३० वर जातो. ऑफिसात माणसाच्या वाट्याला येतात जेमतेम १० चौरस मीटर!

प्रत्येक घरामागे पार्किंग सक्तीचं केलं की तो खर्च घराच्या किमतीत मुरतो. गाडी नसलेलाही तो भरतो. तळघरात करायचं तर खोदाई, भिंतींना आधार, पाण्याचा उपसा, हवा खेळती ठेवणं, सगळंच आलं. हे महागड्या जमिनीवरच परवडतं. स्वस्त जमिनीवर बिल्डर गाड्यांसाठी सरळ मोकळं मैदान सोडतो. मग इमारती एकमेकींपासून लांब जातात, चालणारे घटतात, बसला प्रवासी मिळेनात, फेऱ्या कमी होतात आणि उरलेलेही गाडी घेतात.

रस्त्याकडेचं पार्किंग फुकट असलं की जागा कायम भरलेली आणि गाड्या घिरट्या घालत. दर असा हवा की सातांपैकी एखादी जागा रिकामी राहील. शहरभर एकच दर लावणं ही नेहमीची चूक: बाजारपेठेत तो कमी पडतो, आडगल्लीत जागा ओस पडतात.