धाकटीचं नाव वेदगंगा कसं ठरलं

धाकटी कर्नाटकातल्या निपाणीत जन्मली, आणि नावाची निम्मी अडचण तिथंच सुरू झाली. जन्माची नोंद मूल जिथं जन्मतं तिथं होते. माझ्या जावेची बाळंतपणं कोल्हापुरात झाली, म्हणून तिच्या पोरांचे दाखले मराठीत आहेत. आमच्या पोरीचा दाखला येणार कन्नड आणि इंग्रजीत. घरात हाक मराठीत, सरकारी कागद कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजी. नाव कसलंही ठेवा, तिन्हीकडं ते ओळखू आलं पाहिजे, एवढीच माझी अट होती. थोरलीच्या वर्गात एकाच नावाच्या इतक्या मुली आहेत की बाई आडनावानं हाका मारतात. त्यामुळं नाव वेगळं हवं हेही होतंच.

भटजींनी मृगशीर्ष नक्षत्र, पहिला चरण सांगितला. अक्षर 'वे'. (पुढच्या आर्द्रेत जन्मली असती तर तिसऱ्या चरणाला 'ङ' येतो. तिथं आईबाप काय करत असतील देव जाणे.) आमच्यात पत्रिकेतलं नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं चालतं, म्हणून अक्षर बाजूला ठेवून मी आधी 'इला' धरून बसले. इला म्हणजे पृथ्वी, पुरूरव्याची आई. लहान, गोड, जुनं. शेजारच्या कन्नड अक्कांना सांगितलं तर त्यांना हसू आवरेना. "बाई हजेरीला म्हणणार इला, पोरं मागनं ओरडणार इल्ला!" इल्ला म्हणजे नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. इला तिथंच संपली.

मग वेणू. माझ्या आजीचं नाव, शिवाय बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम. अक्षरही जुळलं. अक्का म्हणाल्या, "छान आहे, खरं मुलगा म्हणतील की." बरोबरच होतं. कन्नडमध्ये वेणू म्हटलं की वेणुगोपाळ, म्हणजे पुरुष. दवाखान्यापासून बँकेपर्यंत पोरीनं जन्मभर 'मी बाई आहे' सांगत फिरायचं का?

मग मोबाइलवरच्या याद्या. त्यांच्याबद्दल माझं मत फार वाईट झालं आहे. एकाच नावाचा अर्थ एकीकडं 'देवाची भेट', दुसरीकडं 'राजकन्या', तिसरीकडं 'पहाटेचं दव'. सासऱ्यांच्या कपाटात आपट्यांचा संस्कृत कोश आहे, 1890 साली पहिल्यांदा निघालेला. ऐकायला झकास वाटणारी कितीतरी नावं त्यात सापडेनात. नावाला अर्थ नसला तरी चालेल, पण खोटा अर्थ सांगत फिरणं मला जमणार नाही.

नाव अखेर पावसानं आणलं. माझं माहेर मुरगूड. बारशाला निघायच्या आधी आप्पांचा फोन आला, "वेदगंगा चढाय लागलीया, यमगर्णीकडचा रस्ता चालू हाय का बघ." 2019 च्या पुरात तिथं महामार्गावरच पाणी आलं होतं, तेव्हापासून मोठा पाऊस झाला की आधी तीच चौकशी. फोन ठेवला आणि मी नवऱ्याला म्हटलं, "वेदगंगा?" तो म्हणाला, "हो, चढलीय म्हणे." मी म्हटलं, "नाव, नाव!"

कोल्हापूर जिल्ह्यात उगम पावून मुरगुडावरून ती इकडं निपाणीच्या शिवारात येते, पुढं दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा कृष्णेला. माझं माहेर आणि सासर एकाच पाण्यावर. 'वे' तर होतंच. अर्थासाठी कोशही लागेना; वेद आणि गंगा कुणालाही कळतात, कन्नडमध्येही तसेच.

सासूबाईंना पटलं, पण चुलतसासऱ्यांनी हरकत काढली की मुलीला नदीचं नाव ठेवू नये, लग्नाला अडतं. हे त्यांच्या मनचं नव्हतं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात खरंच आहे की नक्षत्र, झाड, नदी यांची नावं असलेली मुलगी वरू नये. मी विचारलं, "मामंजी, मग आपल्या घरातल्या गोदाकाकी, कृष्णाआत्या, रोहिणीवहिनी?" तिघींचीही लग्नं वेळेवर झाली होती, रोहिणीवहिनी तर त्यांचीच सून. ते हसले आणि पानाचा डबा उघडला. आमच्याकडं याला होकार म्हणतात.

बारसं झालं. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, आत्यानं कानात कुर्र केलं, घुगऱ्या वाटल्या. आप्पा मुक्कामालाच आले होते, त्यामुळं रस्त्याचा प्रश्न आला नाही.

कागदाचं काम त्या मानानं सोपं. जन्म 21 दिवसांत कळवायचा असतो, पण तेव्हा नाव नसलं तरी नोंद होते. नाव वर्षभरात फी न भरता घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणून घाईनं कसलंही नाव लिहून देऊ नका. लिहिलेलं बदलणं रिकामं भरण्यापेक्षा जड जातं. आमचा वाद झाला तो इंग्रजी स्पेलिंगवर. मराठीत आपण 'वेद्‌गंगा' म्हणतो, कन्नडमध्ये 'द' पूर्ण उच्चारतात. नवऱ्याला 'डी'नंतरचा 'ए' नको होता. मी तो ठेवायला लावला, कारण कन्नड नावाशी इंग्रजी जुळलं तर पुढं शाळेत आणि आधारला कुणी बोट ठेवणार नाही. अर्ज देण्याआधी कन्नड अक्षरं अक्कांकडून वाचून घेतली.

घरात ती वेदू आहे. अक्का तिला पहिल्या दिवसापासून गंगव्वा म्हणतात, आणि ती त्याच हाकेला जास्त हसते, हे सासूबाईंना अजून रुचलेलं नाही.