अण्णांचा एवढासा तुकडा

राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, तर सोफ्याखाली चॉकलेटची चंदेरी कागदं. नणंदेनं आणलेलं १०० ग्रॅमचं डार्क चॉकलेट. त्यातलं चाळीसेक ग्रॅम उरलेलं. शेजारी आमचा कुत्रा बंड्या, गावठी, ११ किलो, ओठ चाटत बसलेला.

"अगं, त्याला काही होत नाही," अण्णा म्हणाले. "मी रोज देतो की."

हे मला तेव्हा कळलं! सासरेबुवा दोन वर्षं दुपारच्या चहाबरोबर त्याला मिल्क चॉकलेटचा नखाएवढा तुकडा भरवत होते. आणि खरंच काही झालं नव्हतं.

डॉक्टरांना फोन केला. वजन किती, चॉकलेट कुठलं, किती वाजता खाल्लं? वेळ सांगायला अण्णांनी जरा उशीरच लावला: चार वाजता. म्हणजे अडीच तास होऊन गेले होते. शेजारच्या काकू मीठ-पाणी पाजायला निघाल्या होत्या. डॉक्टर फोनवरच ओरडले, मिठानं वेगळी विषबाधा होईल, काही पाजू नका, वेष्टन घेऊन तसेच या.

पोचेपर्यंत तो रिक्षात एका जागी बसेना. छाती हाताखाली धडधडत होती. उलटीचं इंजेक्शन दिलं, मग कोळशाचं काळं औषध (माझा पांढरा कुर्ता त्यातच गेला), मग सलाईन.

सलाईन चालू असताना डॉक्टरांनी वेष्टनामागेच हिशोब मांडला. कोकोतलं थिओब्रोमिन, म्हणजे कुत्र्यांना बाधणारं द्रव्य, आपल्या शरीरातून बरंच लवकर उतरतं. कुत्र्यात ते निम्मं व्हायलाच सतरा-अठरा तास लागतात. मिल्क चॉकलेटमध्ये ग्रॅममागे साधारण २ मिलिग्रॅम, डार्कमध्ये ५ च्या आसपास, कोको पावडरीत २५ च्या पुढे. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅमला उलट्या-अस्वस्थता सुरू होते, ४०-५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० ला झटके येऊ शकतात. बंड्याचं उत्तर आलं २७. अण्णांच्या तुकड्याचं एकसुद्धा आलं नाही. म्हणून दोन वर्षं पचलं. मी मात्र घरी केकसाठी आणलेला कोकोचा डबा आठवून गार पडले. तो खालच्या फडताळात होता, आणि तेवढ्याच वजनाची पावडर खाल्ली असती तर आकडा १३५ च्या वर गेला असता.

रात्री घरी सोडलं, पण दर दोन तासांनी शू करवून आणायचा हुकूम होता. मूत्राशयात साठलेलं विष परत रक्तात शोषलं जातं म्हणे. तीन मजले, लिफ्ट बंद. बाराला मी उतरले. दोनला उठले तर पट्टा खुंटीवर नव्हता. गॅलरीतून पाहिलं: गुडघेदुखीवाले अण्णा पावसात छत्री बंड्यावर धरून विजेच्या खांबापाशी उभे.

आता चहाबरोबर गाजर असतं. बंड्या आधी अण्णांचा दुसरा हात हुंगतो, मग नाइलाजानं गाजर घेतो.