येईल, येईल

भाचीनं पुस्तक देताना अट घातली होती, "मावशी, कव्हर नको घालूस, चित्र मस्त आहे." मी घातलंच. शाळेत घालायचो तसलं खाकी. डोंबिवलीहून सकाळच्या फास्टला चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून वाचायचं, तर वरून दहा जणींचे डोळे पुस्तकात असतात. शेजारणीनं विचारलंच, "कसलं गं?" म्हटलं, भुताचं. खोटं नव्हतं.

पुस्तक 'सिमेटरी बॉईज', लेखक एडन थॉमस, साल २०२०. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात लॅटिन अमेरिकी लोकांची एक मांत्रिक जमात, आणि तिचं कब्रस्तान. बायका आजारी माणसाला बरं करतात. पुरुष अडकलेल्या आत्म्यांना मोकळं करतात. बाईला ब्रुहा म्हणायचं, पुरुषाला ब्रुहो. याद्रिएल हा ट्रान्स मुलगा, म्हणजे जन्मल्यावर मुलगी ठरवलेला. त्याला ब्रुहो व्हायचंय आणि घरचे दीक्षा देत नाहीत. मग तो रात्री जुन्या चर्चमध्ये स्वतःच स्वतःची दीक्षा उरकतो, सोबतीला नात्यातली बहीण मारित्सा. (ही वीगन. त्यांच्या उपचारांना प्राण्याचं रक्त लागतं, म्हणून ती उपचारच करत नाही. मला पुस्तकात सगळ्यात आवडली ती हीच.) मृत्युदेवी त्याला मुलगा म्हणून स्वीकारते. माणसांनाच वेळ लागतो.

पुढे तो नात्यातल्या एका मेलेल्या भावाचा आत्मा बोलवायला जातो आणि उगवतो भलताच, हुलियान नावाचा शाळेतला वांड मुलगा. हा जायला तयार नाही. आपले मित्र सुखरूप आहेत हे कळल्याशिवाय हलणार नाही म्हणतो. इथे मला दहाव्याचा घाट आठवला. कावळा शिवत नाही, उन्हं चढतात, आणि कुणीतरी पुढे होऊन म्हणतं, "धाकट्याचं शिक्षण आम्ही बघू, काळजी करू नका." हुलियानचं तेच आहे, फक्त तो देखणा आहे आणि त्याचं तोंड बंद होत नाही. पितरांच्या सणाला त्यांच्याकडे झेंडूच लागतो. तो मूळचा त्यांचाच, मेक्सिकोचा. आपण दसऱ्याला दाराला बांधतो.

खलनायक कोण ते मला अर्ध्यात कळलं होतं, आणि ओठांचे कोपरे वर जाणं जरा कमी असतं तरी चाललं असतं. असो.

मी इंग्रजी वाचते तेव्हा डोक्यात मराठी चालू असतं, आणि या पुस्तकात ते सारखं अडखळत होतं. इंग्रजीत 'मी गेलो' आणि 'मी गेले' एकच. मराठीत याद्रिएलला तोंड उघडलं की ठरवावं लागणार. आणि त्याच्या घरच्यांना? इंग्रजीत त्याला मुलगी ठरवायचं तर 'ती' म्हणावं लागतं, 'मुलगी' म्हणावं लागतं. आपल्याकडे ताट वाढता वाढता "जेवलीस का?" विचारलं, झालं. माया आणि जखम एकाच क्रियापदात. हे वाक्य पुस्तकात नाही. पण माझ्या कानात दोन दिवस तेच वाजत होतं.

कारण क्रियापदं जपून वापरायची सवय मलाही आहे. सहा वर्षं मी प्रेमाबद्दल फक्त भविष्यकाळात बोलले. भविष्यकाळ मराठीत फार सोयीचा. "शनिवारी येईल." "बदली होईल मग." "येणार आहे, बघू." कर्ता गाळला की कुणाला काही कळत नाही. सोमवारी ऑफिसात "रविवारी कोण आलं होतं गं तुझ्याकडे?" विचारलं की मी डबा उघडून भाजीवर बोलायला लागायचे. भूतकाळात गेलं की 'आली होती' आलंच.

भाचीच्या कपाटातून मग मी एकेक उचलत गेले. 'ॲश', मलिंडा लो, २००९: सिंड्रेला राजपुत्राकडे ढुंकून बघत नाही, शिकारी बाईच्या प्रेमात पडते. 'चांदोबा'त अर्धं राज्य आणि राजकन्या वाचत वाढलेल्या मला हे झोपताना पुन्हा पुन्हा आठवायचं. २००९च्या जुलैत, समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा दिल्ली हायकोर्टाचा निकाल आला होता, तेव्हा मी चोवीस वर्षांची. हे पुस्तक त्याच वर्षी कुठेतरी छापलं गेलं आणि मला पत्ताच नव्हता. 'कॅरी ऑन' २०१५चं, रेनबो रॉवेलचं. त्यात मंत्र म्हणजे लोकांच्या तोंडातले रोजचे वाक्प्रचार, जितके वापरातले तितके जोरकस. 'आलिया भोगासी' म्हटल्यावर काय होईल याचा विचार करण्यात माझा ठाण्याचा उतार चुकला. ते पुस्तक आलं तेव्हा आपल्याकडे कलम ३७७, म्हणजे असलं प्रेम गुन्हा ठरवणारं, परत लागू झालेलं होतं. २०१८च्या सप्टेंबरात गेलं. त्या संध्याकाळी मी तिला फोन केला नाही. तोवर आमचं संपलं होतं.

गेल्या रविवारी भाची आली होती. आई आतल्या खोलीत झोपलेली, आम्ही दोघी ओट्याशी मटार सोलत होतो. हुलियान आवडला की याद्रिएल, यावर भांडून झालं. मग ती म्हणाली, "मावशी, तुझं होतं का कुणी?"

मराठीत हा प्रश्न असाच विचारतात. 'होतं'. त्यात काहीच धरलेलं नसतं.

"होती," मी म्हटलं.

तिच्या हातातली शेंग तडकली, दोन दाणे ओट्याखाली घरंगळले. ती खाली वाकली आणि बराच वेळ शोधत राहिली. मग तिथूनच आवाज आला, "आता कुठे असते?"

"नाशिकला. सापडले का दाणे?"

"एक सापडला."