तारेच्या दुसऱ्या टोकाला

सोमवार

दुसऱ्या महायुद्धातल्या हेरकथांमध्ये रेडिओ नेहमी हलकाच असतो. नायिका सूटकेस उचलते, चार जिने चढते आणि तिला धापसुद्धा लागत नाही. ब्रिटनच्या स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्हने (जर्मनांच्या ताब्यातल्या देशांत हेर पाठवणारी गुप्त संघटना; पुढे नुसतं एसओई म्हणतो) आपल्या माणसांना दिलेला बी-टू हा रेडिओसंच सूटकेससकट साधारण 15 किलो भरायचा. एवढं वजन कपड्यांच्या बॅगेसारखं सहज न्यायचं, आणि रेल्वे स्टेशनवर एखादा शिपाई सौजन्याने हात पुढे करू लागला तर हसून नाही म्हणायचं. नुसत्या या प्रसंगावर दोन पानं लिहिता येतील. लेखक मात्र तिथे पिस्तूल आणतात.

संच नेला म्हणजे काम झालं असंही नाही. एरियलची, म्हणजे अँटेनाची, तार 18 मीटरच्या आसपास. ती खिडकीतून बाहेर सोडली तर रस्त्यावरून दिसते आणि घरात गुंडाळून ठेवली तर लंडनला आवाज क्षीण जातो. पाठवायची फ्रिक्वेन्सी क्वार्ट्‌झच्या क्रिस्टलवर ठरलेली, दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी. क्रिस्टल हरवला किंवा पडून तडकला तर ती वेळ गेली. घरच्या विजेवर संच चालायचा, तसाच 6 व्होल्टच्या मोटारीच्या बॅटरीवरही. बॅटरीची गरज का पडायची, हे बहुतेक कादंबऱ्यांत येतच नाही. संशयित भागात जर्मन एकेका इमारतसमूहाची वीज तोडत. ज्या क्षणी प्रक्षेपण बंद पडलं त्या क्षणी वीज कुठली तोडली होती, एवढंच पाहायचं. बॅटरीवर असलेला हेर त्यातून सुटायचा, पण मग ती बॅटरी पुन्हा भरायची कुठे आणि कुणाच्या गॅरेजात, हा प्रश्न उरायचाच.

शोधाची साखळीही पायरीपायरीची होती. आधी दूरवरची स्थिर केंद्रं दिशा मोजून नकाशावर रेषा मारत. त्या रेषा मिळाल्या की शहर किंवा शहराचा भाग कळे. मग झाकलेल्या गाड्या निघत. शेवटी कोटाखाली पट्ट्याला यंत्र बांधलेला माणूस पायी फिरे. म्हणजे धोका मिनिटांत मोजला जायचा. त्यामुळे खरा प्रश्न असा की निरोप किती लांब होता आणि तो तेवढा लांब का होता?

मंगळवार, रात्री

लांबीचं उत्तर सांकेतिक लिपीत आहे. सुरुवातीला एसओईचे हेर कवितेवर अवलंबून होते. पाठ असलेल्या कवितेतले पाच शब्द निवडायचे, त्यांतल्या अक्षरांना वर्णमालेच्या क्रमाने आकडे द्यायचे आणि त्या आकड्यांनी निरोपाचे स्तंभ उलटसुलट करायचे, तेही दोनदा.

मराठीत करून पाहू. किल्लीचा शब्द घेऊ ‘कमलनयन’. वर्णमालेत क पहिला, म्हणून 1. मग न, पण न दोन आहेत; डावीकडचा 2, उजवीकडचा 3. मग म 4, य 5, ल 6. किल्ली झाली 1 4 6 2 5 3. तिच्याखाली ‘पुलावर पहारा दोन सैनिक’ हा निरोप सहा-सहा अक्षरांच्या ओळींत लिहायचा. पहिली ओळ पु ला व र प हा, दुसरी रा दो न सै नि क. आता आकड्यांच्या क्रमाने उभे स्तंभ वाचायचे: पुरा, रसै, हाक, लादो, पनि, वन. पाच-पाचचे गट पाडले की पुरारसैहा, कलादोपनि, वन. हे झालं एकदा. प्रत्यक्षात किल्ली पाच शब्दांची, म्हणजे वीस-पंचवीस अक्षरांची असे आणि हाच सगळा खेळ उत्तरावर परत एकदा करायचा असे.

आता चूक करून पाहा. घाईत डाव्या न ला 3 आणि उजव्या न ला 2 दिला. रसै आणि हाक यांची जागा बदलली, बस. पहिल्या फेरीपुरतं हे कुणाच्याही लक्षात येईल. पण दुसऱ्या फेरीत ती चूक संपूर्ण निरोपभर विखुरते आणि दुसऱ्या टोकाला बसलेल्या मुलीला नुसती खिचडी मिळते. मेणबत्तीच्या उजेडात, गारठलेल्या बोटांनी, जिन्यावरच्या पावलांकडे कान ठेवून हे काम करणाऱ्याकडून चुका होणारच. सुरुवातीच्या काळात अशा वेळी लंडन निरोप पुन्हा पाठवायला सांगे. म्हणजे तीच इमारत, तीच सूटकेस, पुन्हा तितकीच मिनिटं हवेत. सांकेतिक विभागाचा प्रमुख लिओ मार्क्स याने या प्रथेविरुद्ध कंबर कसली. ग्रेंडन अंडरवुड इथल्या केंद्रात बसलेल्या तरुण मुली संभाव्य चुकांच्या एकेक किल्ल्या लावून पाहत, शेकड्यांनी, कधी हजारांनी. त्या मुलींवर एक अख्खी थरारकथा लिहिता येईल.

कवितेचे आणखी दोन तोटे. कविता प्रसिद्ध असली तर शत्रूच्या कपाटातही तिचं पुस्तक असतं. आणि ही पद्धत जरा तरी सुरक्षित राहावी म्हणून निरोप किमान 200 अक्षरांचा ठेवावा लागे, मग सांगायचं असो वा नसो. मिनिटाला 60 अक्षरं धरली तर तीन मिनिटं 20 सेकंद नुसत्या मजकुराची. हाका मारणं, गट परत मागणं, खरखराट हे वेगळंच. पुढे मार्क्सने तयार किल्ल्या रेशमी कापडावर छापून द्यायला सुरुवात केली. एक किल्ली वापरली की तेवढी पट्टी कापून जाळायची. डोक्यात काहीच नाही, त्यामुळे छळ करूनही काही निघत नाही. रेशीम अस्तरात शिवलं तर झडतीत कुरकुरत नाही, कागद कुरकुरतो. कथा 1941 सालची असेल आणि नायकाच्या अस्तरात रेशमी किल्ल्या असतील, तर तिथे पुस्तक मिटावं; रेशीम त्यानंतर आलं.

गुरुवार

पकडलेल्या ऑपरेटरकडून शत्रू निरोप पाठवून घेईल हे लंडनला ठाऊक होतं. म्हणून प्रत्येकाला खूणगाठ दिलेली असे. ठरलेल्या ठिकाणी मुद्दाम चूक करायची. बऱ्याच जणांना दोन खुणा असत, एक मार खाल्ल्यावर कबूल करायची आणि दुसरी मरेपर्यंत सांगायची नाही अशी.

हूब लाउवर्स हा एसओईचा डच ऑपरेटर 6 मार्च 1942 रोजी हेग शहरात पकडला गेला. त्याची खरी खूण म्हणजे सोळाव्या अक्षरात चूक. आबवेरच्या, म्हणजे जर्मन लष्करी गुप्तहेर खात्याच्या, हेर्मान गिस्केसच्या माणसांना त्याने भलतीच खूण सांगितली आणि खरी चूक गाळून निरोप पाठवत राहिला. त्याला करता येण्याजोगं ते सगळं त्याने केलं. लंडनने खूण नसल्याकडे काणाडोळा केला आणि त्याच संचावरून ठरलेल्या जागी माणसं उतरवत राहिलं. पन्नासहून जास्त हेर थेट जर्मनांच्या हातात पडले. बहुतेकांना पुढे ठार मारण्यात आलं.

हा निव्वळ मूर्खपणा नव्हता, म्हणूनच तो लिहिण्याजोगा आहे. खरे, मोकळे असलेले ऑपरेटरही खूण विसरत. खरखराटात अक्षरं बदलत. मग खूण नसणं हा पुरावा मानायचा की हवामानाचा दोष? शिवाय ज्या अधिकाऱ्याने ते जाळं उभं केलं त्यालाच ते मेलं आहे असं ठरवायचं होतं. कोण ठरवेल? मार्क्सला शंका आली ती मात्र उलट्या बाजूने. हॉलंडहून येणारा एकही निरोप कधी चुकलेला नसायचा. घाबरलेला माणूस इतकं स्वच्छ काम करत नाही. टेबलाशी आरामात बसलेला करतो. हेरकथेत याहून चांगला धागादोरा माझ्या तरी पाहण्यात नाही.

पॅरिसचा प्रकार अधिक जिव्हारी लागतो. जून 1943 मध्ये एसओईचा ऑपरेटर गिल्बर्ट नॉर्मन पकडला गेला. त्याच्या नावाने गेलेल्या निरोपात दुसरी खूण नव्हती. लंडनने उत्तरात त्याला दटावलं की दुसरी खूण विसरलास, पुढच्या वेळी नीट लक्ष दे. दुसरी खूण आहे, हे जर्मनांना त्या उत्तरानेच कळलं. एसओईचीच ऑपरेटर नूर इनायत खान या घटनेच्या आठवडाभर आधीच पॅरिसमध्ये आली होती. तिचे वडील मूळचे बडोद्याचे. तिच्याभोवतीचं सगळं जाळं कोसळलं तरी ती ऑक्टोबरपर्यंत निरोप पाठवत राहिली. अटकेच्या वेळी जुने निरोप उतरवलेली वही सापडली. त्या वहीमुळे तिच्या नावाने निरोप लिहिणं जर्मनांना सोपं गेलं. 13 सप्टेंबर 1944 रोजी दाखाऊच्या छावणीत तिला मारण्यात आलं.

शुक्रवार

हेरांची ने-आण करणारी विमानं. पौर्णिमेच्या आगेमागेच्याच रात्री चालतात, कारण लायसँडर या छोट्या विमानाचा वैमानिक नद्या आणि रूळ चंद्रप्रकाशात ओळखून जातो. कथेत अमावास्येला विमान उतरलं तर लेखकाने पंचांग पाहिलेलं नाही. खाली तीन टॉर्च, उलट्या एल अक्षराच्या आकारात, आणि ठरलेलं मोर्स अक्षर. अक्षर चुकलं तर विमान परत. शेत मात्र दिवसा चालून पाहावं लागतं, कारण वरून हिरवं दिसणारं खाली चिखल असू शकतं. फेब्रुवारी 1944 मध्ये फ्रान्सच्या जुरा भागात मोठं हडसन विमान असंच रुतलं. गावकरी, घोडे, बैल सगळे ओढायला लागले तेव्हा कुठे ते उडालं. आत फ्रेंच प्रतिकार चळवळीतल्या ल्यूसी ओब्राक होत्या, दिवस भरत आलेल्या. काही दिवसांत लंडनमध्ये त्या बाळंत झाल्या. हे कादंबरीत घातलं असतं तर संपादकाने अतिरंजित म्हणून छाटलं असतं.

रविवार

दुसऱ्या टोकाचा माणूस जर्मन असला तर काय होतं, याचं उदाहरण म्हणजे हुआन पुजोल, जर्मनांना आपला हेर वाटणारा ब्रिटिशांचा दुहेरी हेर, टोपणनाव गार्बो. ब्रिटनला जाण्याआधी तो लिस्बनमध्ये बसून, प्रवासमार्गदर्शिका आणि वेळापत्रकं समोर ठेवून जर्मनांना कधी न पाहिलेल्या इंग्लंडच्या खबरा पाठवत होता. ग्लासगोतले लोक लिटरभर वाइनसाठी काहीही करतात, असं त्याने कळवलं. पौंड-शिलिंग-पेन्सची बेरीज त्याला जमत नव्हती, तरी खर्चाचे हिशेब तो पाठवत होता. तिकडे कुणीही ते तपासले नाहीत. पुढे लंडनमधून त्याने 27 काल्पनिक हस्तक उभे केले आणि त्यांचेही खर्च वसूल केले.

6 जून 1944 च्या पहाटे 3 वाजता फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरत असल्याची खबर त्याच्याकडून जायची होती. मुद्दाम अशा वेळी, की खबर खरी असावी पण उपयोगाची नसावी. ब्रिटिशांनी एवढा बारीक हिशेब केला आणि माद्रिदमधला जर्मनांचा ऑपरेटर जागेवरच नव्हता. सकाळी 8 नंतर कुठे उत्तर आलं. गार्बोने उलट त्यांनाच झापलं. तीन दिवसांनी त्याने कळवलं की नॉर्मंडी ही हूल आहे, खरा हल्ला फ्रान्सच्याच पा-द-काले किनाऱ्यावर होणार. जर्मनांनी तिथलं सैन्य हलवलं नाही, आणि जुलैअखेर त्याला आयर्न क्रॉस हे आपलं लष्करी पदक दिल्याचं कळवलं. ब्रिटनचा एमबीई हा किताबही त्याला त्याच वर्षी मिळाला.